झालं म्हणणारी ओळ

"सहावा मजला," असं कोणीतरी बाई फोनमध्ये म्हणाली. आईच्या बोलण्याच्या मागून, अगदी स्वच्छ, कुणाशीच काही देणंघेणं नसल्यासारख्या गोड आवाजात. इकडे मुलीच्या तोंडातलं "हं" तिथेच अडकलं. सकाळी पावणेनऊची वेळ, ओट्यावर उघडा लॅपटॉप, शेजारी कॉफीचा मग, फोन स्पीकरवर आणि आई बोलतेय, हे तिचं गेल्या नऊ वर्षांचं रोजचं. रोजचं म्हणजे अगदी रोजचं. दादा महिन्यातून दोनदा आईला फोन करतो आणि केल्याचं चारदा सांगतो; तिचं तसं नाही. ताप असो, सुट्टी असो, पावणेनऊ म्हणजे आई. या एका गोष्टीचा तिला मनातून फार अभिमान होता, आणि तो लपवायला ती हटकून विसरायची. पण आईचं घर बैठं. त्या घराला लिफ्ट नाही, लिफ्टनं जायला वर मजलाच नाही. मग हा सहावा मजला आला कुठून?

"आई, तू कुठेयस?"

"कुठे म्हणजे? दादाकडे. ती दाराबाहेरची लिफ्ट बोलते."

"दादाकडे कशाला? कधी गेलीस?"

"झाले की पाच आठवडे." आईचा आवाज जरा सावध झाला. "पाय बरा आहे हं आता. वॉकर घेऊन बाथरूमपर्यंत जाते एकटी."

"वॉकर? कसला वॉकर? आणि घर?"

"घराची किल्ली शनिवारी द्यायचीय ना मालकांना." मग आई थांबली. "बरं, ठेवते मी. तुझं काम चालू असेल."

फोन बंद झाला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच आठवडे! पाच आठवडे म्हणजे पस्तीस फोन, आणि त्यात एकदाही कुणाला वाटलं नाही की हिला सांगावं, आई पडली, आईला हलवलं, आईचं घर सोडतोय? बसमध्ये खिडकीशी बसून ती मनातल्या मनात दादाशी भांडत राहिली, आणि मनातला दादा नेहमीसारखा शांतपणे चष्मा पुसत राहिला. दोन खोल्यांचं ते घर. बाबा गेल्यावर बाकीचे सगळे म्हणत होते, एकटी कुठे राहणार, तेव्हा आईनं कुणालाही न जुमानता स्वतः जाऊन बघितलं होतं, स्वतः मालकांशी बोलली होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतः निवडलेली गोष्ट. माहेर वडिलांनी निवडलेलं, सासर वडिलांनीच, पुढची घरं बाबांच्या बदल्यांनी. या घरात ओट्यामागची खिडकी जरा खालीच आहे, तिथून मागच्या अंगणातलं कुंडीतलं लिंबाचं झाड दिसतं, आणि भांडी घासताना आई त्या झाडाशी बोलते, इतकं काही नसतं त्या बोलण्यात, पण बोलते. ते घर शनिवारी जाणार. आज मंगळवार. तिनं दादाला फोन लावला, त्यानं कापला, वर निरोप आला: मीटिंगमध्ये आहे, नंतर करतो. म्हणजे बघा, आईला सामानासारखं उचलून न्यायला याला वेळ आहे, बहिणीचा फोन उचलायला नाही. शनिवारच्या आत आई परत तिच्या घरात गेली पाहिजे, तिनं ठरवलं, आणि हे ज्यानं आपल्या पाठीमागे केलं त्याला आपण सोडणार नाही. हे दुसरं ठरवताना तिला पहिल्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

ऑफिसात शिरली तर तिथेही तेच. तिचं काम काय हे सांगायचं म्हणजे नेहमीच पंचाईत. वहिनीनं अजून विचारणं सोडलेलं नाही आणि तिनं समजावणं कधीचंच सोडलंय. एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात दहावीस लटके कॉम्प्युटर चालवायचे, त्यांना पाहुणे म्हणतात, आणि प्रत्येक पाहुण्याला वाटलं पाहिजे की हे सगळं घर आपलं एकट्याचं. त्या सगळ्यांच्या खाली यजमान म्हणून बसलेला प्रोग्रॅम, पाहुण्यांनी काही मागितलं की ते पुरवणारा किंवा पुरवल्यासारखं करणारा, तो तिच्या टीमचा. आता एखाद्या पाहुण्याला खरोखरचं यंत्र लागतं. एका हॉस्पिटलला लागलं होतं, सोनोग्राफीच्या चित्रांचं कार्ड. असं कार्ड यजमानाला मध्ये न घेता सरळ पाहुण्याच्या हातात देतात, आणि ते चित्र थेट मेमरीत लिहून टाकतं. गोम अशी की प्रोसेसर दर वेळी मेमरीपर्यंत चालत जात नाही. नुकतंच वाचलेलं तो स्वतःजवळ उतरवून ठेवतो आणि त्यातच बघतो, कारण ते जवळ असतं. म्हणून लिहिणाऱ्यानं लिहिण्याआधी त्याला विचारायचं असतं: बाबा रे, याची जुनी प्रत आहे का तुझ्याजवळ? असली तर खोड. पण या कार्डाच्या नियमांत वेळ वाचवायला एक खूण होती, आणि त्या खुणेचा अर्थ एवढाच की विचारायची गरज नाही.

तीन आठवडे झाले होते तक्रार येऊन. तिथल्या डॉक्टरबाईंनी चित्र पाठवलं होतं आणि खाली एकच वाक्य लिहिलं होतं: यातला हा हात या बाळाचा नाही. करड्या धुरकट चित्राच्या मधोमध बोटभर रुंदीची एक पट्टी, आणि त्या पट्टीत एक इवलासा हात, आधीच्या पेशंटच्या पोटातल्या बाळाचा. डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं म्हणून बरं. पुढच्या वेळी हाताऐवजी काळीज असेल आणि लक्षात यायचं नाही, हे मीटिंगमधल्या प्रत्येकाला कळत होतं आणि प्रत्येकजण हात वर करून बसला होता. कार्डवाले म्हणत होते, आमचं कार्ड नियमाप्रमाणे चालतं. पाहुण्याचा प्रोग्रॅम लिहिणारे म्हणत होते, आम्हाला ठाऊकच आहे की कार्ड विचारत नाही, म्हणून प्रत्येक चित्र वाचण्याआधी आम्ही हुकूम देतो की जवळचं सगळं टाकून दे आणि नव्यानं वाच. दोघांचं बोलणं झालं की सगळे तिच्याकडे बघायचे. तिचा साहेब, ज्याला ती मनात मुकादम म्हणायची, कारण तो माणसं मोजत हिंडण्यापलीकडे काही करत नसे, त्यानं टेबलावर पेन आपटलं.

"तुमच्याकडे होतंय का हे? नाही ना? मग लिहा, आमच्याकडे आढळत नाही. संपवा."

"आमचा यात संबंधच नाही," ती म्हणाली, आणि तिचा आवाज गरजेपेक्षा चढला. "कार्ड सरळ पाहुण्याला दिलंय. आम्ही मध्ये नाहीच. कुणी कुणाला न विचारता परस्पर लिहून टाकायचं, मग आतला बिचारा जुनंच धरून बसला की त्यालाच मूर्ख ठरवायचं! त्याला कळणार कसं? त्याला सांगितलंय का कुणी?" प्रोसेसरची एवढी कणव यापूर्वी त्या खोलीत कुणी केली नव्हती. तिला स्वतःलाही कळलं की आपण कार्डाबद्दल बोलत नाही आहोत, दादाबद्दल बोलतोय, पण वाक्य तर खरंच होतं, मग कशाला मागे घ्यायचं.

कोपऱ्यात टेस्टिंगवाली बसली होती. बुटकी, सदान्‌कदा सर्दी झालेली, आणि एखादी गोष्ट धरली की गोचिडासारखी न सोडणारी. गेले तीन आठवडे ती रोज एक पत्र लिहायची आणि सगळे ते न वाचता बाजूला सारायचे, खुद्द हीसुद्धा. टेस्टिंगवाली नाक पुसून म्हणाली, "मॅडम, मी वेळ मोजलाय. जवळचं सगळं टाकून दे, हा हुकूम खऱ्या यंत्रावर दिला की चांगला वेळ लागतो. खूप लागतो, सगळं थांबतं. आपल्या पाहुण्यानं दिला की उत्तर लगेच येतं. लगेच म्हणजे, हुकूम पुरता दिलाय न दिलाय तोवर झालं म्हणून येतं. एवढ्या लवकर कसं होईल, मॅडम?"

मुकादम म्हणाला, "लवकर होतंय तर चांगलंच आहे की." कुणीतरी हसलं. ती हसली नाही. ती उठून आपल्या जागेवर गेली, प्रोग्रॅम उघडला आणि खाली खाली जात ती जागा शोधली. चार ओळी होत्या. पाहुण्यानं हा हुकूम दिला तर काय करायचं याच्या. चौथ्या ओळीच्या शेजारी टिपण होतं: इथे काही करायची गरज नाही, झालं म्हणून परत जावं. तारीख नऊ वर्षांपूर्वीची, लिहिणाऱ्याची आद्याक्षरं तिची.

तिला तो दिवस लख्ख आठवला. तेव्हा पाहुण्यांना खरी यंत्रं कुणी देत नव्हतं, त्यामुळे त्या हुकुमाला काही अर्थच नव्हता. एक पाहुणा मात्र सारखा तो हुकूम सोडायचा, आणि तो खरोखर पाळला की बाकीचे सगळे पाहुणे ताटकळत उभे राहायचे. तक्रारींनी नाकी नऊ आले होते. तिनं दुपारभर विचार करून ही ओळ लिहिली. मान डोलवायची, झालं म्हणायचं, करायचं काही नाही. पाहुणा खूश, बाकीचे खूश, सगळं पाण्यासारखं वाहायला लागलं. त्या वेळच्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्या दिवशी ती ओळ बरोबर होती, हे तर आणखीच चीड आणणारं. चूक असती तर कुणाच्या तरी नजरेत भरली असती. बरोबर होती म्हणून नऊ वर्षं तिच्याकडे कुणी वळून बघितलं नाही, आणि मधल्या काळात लोक पाहुण्यांना खरी यंत्रं द्यायला लागले. ती स्वतः द्यायला लागली. ते कामही तिचंच.

तेवढ्यात दादाचा फोन आला. ती जिन्यात गेली. जिन्यात ओल्या सिमेंटचा वास येत होता आणि खालच्या मजल्यावर कुणीतरी फर्निचर ओढत होतं.

"बोल," दादा म्हणाला.

"मी बोलू? तू बोल! आईला उचलून नेलंस, घर सोडायला निघालास, मला एका शब्दानं सांगायचं सुचलं नाही? मी कोण, शेजारीण?"

पलीकडून दादाचा स्वर असा लागला, जो तिनं लहानपणी फक्त एकदा ऐकला होता, तिनं त्याची सायकल नेऊन मोडून आणली होती तेव्हा. "तू खरंच हे मला विचारतेयस?"

"मग कुणाला विचारू?"

"आई पडली त्या दिवशी तिनं पहिल्यांदा तुला सांगितलं. मला तर चार दिवसांनी कळलं, तेही डॉक्टरांकडून. तिला घर सोडायचं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने कुणीतरी सोबत पाहिजे, मग राहा एकटी. आम्ही दोघं नोकरीवाले, मुलं शाळेत. तू एकटी आहेस, कॉम्प्युटर कुठूनही चालतो तुझा. आईनं तुला विचारलं. तू म्हणालीस, येते."

"मी असं कधीही म्हटलेलं नाही!"

"रविवारी येते म्हणालीस. मी आईला म्हटलं, तिला एकदा फोन करून पक्कं विचारतो. तर आई म्हणाली, विचारू नकोस, ती हो म्हणालीय. आणि तो रविवार गेला, पुढचाही गेला. मग मी घेऊन आलो. रिकाम्या घराचं भाडं किती दिवस भरायचं, म्हणून घर सोडायचं ठरलं, तेही तिनं तुला सांगितलं. तू बरं म्हणालीस." दादानं श्वास सोडला. "मला वाटलं, तुला नको असेल. नको तर नको म्हणायचं, एवढंच वाटलं."

ती जिन्याच्या पायरीवर बसली. एक सकाळ हळूहळू आठवणीत वर यायला लागली. तिला स्क्रीन आठवत होती. लाल अक्षरांची यादी, सतरा चुका, त्यातली अकरावी कुठली तेसुद्धा आठवत होतं. कॉफीवर साय धरली होती ती आठवत होती. आणि या सगळ्याच्या मागे आईचा आवाज, नळ वाहत असावा तसा, शब्द नसलेला, आणि मध्ये मध्ये तिचा स्वतःचा आवाज. हं. हो ना. हो हो, येते की. बरं. त्या "येते की"ची चाल आठवत होती तिला, शेवटी जराशी वर गेलेली, अगदी प्रेमळ. कशाला उत्तर देत होतो ते कितीही आठवलं तरी सापडेना. आणि असे किती फोन! पस्तीस नव्हेत, नऊ वर्षांचे. पावणेनऊ म्हणजे आई म्हणे! कसला अभिमान मिरवत होतो आपण, आणि कुणासमोर. तिला स्वतःची इतकी चीड आली की रडूही येईना. दुसऱ्या कुणावर तरी खापर फोडायला मिळालं असतं तर काय बरं झालं असतं. ती बसल्याबसल्या हिशेबानं एकेकाला उभं करून बघत होती, दादा, वहिनी, डॉक्टर, मुकादम, आणि एकेकजण आपला निघून जात होता.

"दादा, मी येतेय," ती म्हणाली.

"बरं," दादा म्हणाला. त्याचा विश्वास बसलेला नाही हे तिला कळलं.

ती आत आली. मुकादमाच्या टेबलासमोर उभी राहून तिनं सांगितलं की ओळ तिची आहे, चूक तिची आहे, खरं कार्ड दिलेल्या पाहुण्यानं हुकूम केला की तो खराच पाळावा लागेल, त्यानं यंत्र मंदावेल, मंदावू दे. तोवर हॉस्पिटलला आजच्या आज कळवायचं की या कार्डाची चित्रं वापरू नका. मुकादम म्हणाला, चार वाजता मीटिंग आहे, तिथे ठरवू, तोवर ज्ञात मर्यादा म्हणून नोंद करा. ती म्हणाली, "ज्ञात कुणाला? त्या बाळाला?" मग तिनं टेस्टिंगवालीला शेजारी बसवून घेतलं आणि दोघींनी मिळून डॉक्टरबाईंना पत्र लिहिलं. ते गेलं का हे तिनं पाहिलं. मग डॉक्टरबाईंना फोन लावला, आणि त्यांनी पत्र उघडून पहिलं वाक्य वाचून दाखवेपर्यंत फोन ठेवला नाही. टेस्टिंगवाली नाक पुसत म्हणाली, "मॅडम, मी तीन आठवडे पत्रं लिहीत होते." ती म्हणाली, "हो गं." आणि आपण काय म्हटलं ते तिचं तिलाच ऐकू आलं. "वाचली नाहीत मी," ती म्हणाली. "एकही वाचलं नाही." टेस्टिंगवालीनं मान हलवली. तिला ते ठाऊकच होतं.

दादाच्या सहाव्या मजल्यावर ती पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दार वहिनीनं उघडलं. ती आज घरून काम करत होती, कानात इयरफोन होते, तिनं फक्त आतल्या खोलीकडे बोट केलं. मुलांच्या खोलीत एका बाजूला आईचा पलंग लावला होता, उशाशी शाळेची पुस्तकं आणि आईच्या गोळ्या. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं वर बघितलं आणि तिचा चेहरा आधी घाबरला.

"काय झालं गं? नोकरी गेली?"

"काही नाही झालं. तुला भेटायला आले."

"असं का. बस. जेवलीस? जेवली असशील. बसनं आलीस का, बसनंच आली असशील, या वेळेला गर्दी नसते. पाणी तिकडे आहे बघ, तुला नकोच असेल म्हणा." आई बोलत राहिली, प्रश्न विचारायची आणि स्वतःच उत्तर देऊन पुढे जायची, मध्ये थांबायचीच नाही. ती समोर बसून ऐकत होती आणि तिच्या लक्षात आलं की आईला तिच्याशी बोलायची ही सवय झालीय. उत्तराची जागाच ठेवायची नाही.

"आई, तू मला तीन महिने राहायला ये म्हणाली होतीस."

आईचे हात घडीवर थांबले. "म्हणाले होते."

"मी ऐकलंच नव्हतं. हो म्हटलं, पण ऐकलं नव्हतं."

"ठाऊक आहे मला," आई म्हणाली. अगदी सहज म्हणाली, टॉवेलचं टोक टोकाला जुळवत. "तीस वर्षं टेलिफोनच्या खात्यात ऑपरेटर होते मी. समोरचा ऐकतोय की नाही, एवढं कळत नाही होय मला? तुझी ती बटणं टकटक वाजतात. खरं सांगू, मला बरं वाटायचं. दादाला काही सांगितलं की लगेच डॉक्टर, लगेच गोळी, लगेच चर्चा. तुला काहीही सांगता यायचं. बाबांबद्दल किती काय काय सांगितलंय मी तुला, ते समोर ऐकणाऱ्या माणसाला सांगितलं नसतं कधी. तू आपली हं हं करायचीस. मन हलकं व्हायचं."

"मग ते येण्याबद्दल विचारलंस तेव्हा?"

आईनं टॉवेल बाजूला ठेवला. घडी नीट बसली नव्हती तरी ठेवला. "तेव्हा बटणं थांबली होती," ती म्हणाली. "तू येते म्हणालीस तेव्हा जराशी थांबली होती. म्हणून मला वाटलं, या वेळी ऐकलं. रविवारी मी आतल्या गादीवर चादर घातली. वाकता येत नव्हतं, काठीनं ओढून ओढून घातली. तासभर लागला."

आपण बोललो तर पुन्हा काहीतरी गोड, चटकन, फुकटचं बाहेर पडेल अशी तिला भीती वाटत होती. बाहेरच्या खोलीत वहिनी कुणाला तरी आकडे वाचून दाखवत होती.

"मी मालकांना फोन करते," ती शेवटी म्हणाली. "घर सोडायचं नाही. मी येते राहायला."

"कर."

"करते. आज संध्याकाळी निवांत..."

"आत्ता कर," आई म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण ती असं कधी बोलत नसे. "इथे कर. माझ्यासमोर. आणि तो स्पीकर लाव, मला ऐकू दे."

तिनं फोन काढला. चार वाजताची मीटिंग आठवली, ओळ अजून बदलायची होती ती आठवली, मुकादमाचे तीन निरोप आलेले दिसले. ती सगळी कामं खरी होती, यातलं एकही खोटं नव्हतं, हीच तर रडकथा होती इतकी वर्षं. तिनं नंबर लावला. घंटा वाजत राहिली. मालकांनी उचलला, कोण म्हणून विचारलं, तिनं सांगितलं, शनिवारी किल्ली देणार नाही, आई परत येतेय, सोबतीला मी आहे. मालक म्हातारे, जरा कमी ऐकू येणारे. तिला दोनदा सांगावं लागलं, दुसऱ्यांदा मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून.

"अस्सं, अस्सं," मालक म्हणाले. "पण मागेही त्या म्हणाल्या होत्या मुलगी येणार म्हणून. मग तुम्ही येणार कधी? नक्की सांगा, मी दुसऱ्यांना शब्द देऊन बसलोय."

तिनं आईकडे बघितलं. आई तिच्याकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती.

"आज," ती म्हणाली. "आज पाचपर्यंत आम्ही दोघी पोचतो."

आईनं पांघरूण बाजूला सारलं आणि दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून पलंगाखाली सोडला.